देवरुखकडे कौलारू घर, मेमध्ये विहीर कोरडी. छपराचं पाणी साठवायला टाकी किती लिटरची घ्यावी?

माहेरची_वाट · १२ एप्रिल

नमस्कार. मी डोंबिवलीत असते, प्रश्न माहेरचा आहे. देवरुखच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर आमची वाडी, डोंगराच्या अंगावर. घरात आई ७१ची, बाबा ७६चे आणि एक गाय. जूनच्या शेवटाला विहीर अशी भरते की काठावर वाकून तांब्या बुडवावा. आणि शिमग्याच्या पालख्या नाचून परत गेल्या की तळाचा दगड दिसायला लागतो. अंगणात नळ आलाय, पण मेमध्ये त्यातून हवा येते. मग टँकर. तो वरच्या रस्त्यावर उभा राहतो आणि आई दोन कळशा घेऊन पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढते-उतरते. गेल्या वर्षी पाय सरकून पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय.

घर कौलारू आहे, मागच्या बाजूला न्हाणीघर आणि गोठा, पुढे पडवी. पडवीवर बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी सिमेंटचे पत्रे टाकले. रत्नागिरीच्या एका ठेकेदाराने येऊन पाहिलं आणि २०,००० लिटरची जमिनीखालची काँक्रीटची टाकी सांगितली. आकडा ऐकून बाबा म्हणाले, तेवढ्यात मी डोंबिवलीला येऊन राहतो. (ते येणार नाहीत.)

माझे प्रश्न: खरंच एवढी मोठी टाकी लागते का? पाणी पिता येईल का? आणि आईचा प्रश्न, तिच्याच शब्दांत: "आभाळातलं पाणी आठ महिने ठेवून कोण पितं गो, किडे पडतील." यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

प्लंबर_नाही_पण · १२ एप्रिल

सोप्पंय. २,००० लिटरची काळी टाकी, पन्हळ, मध्ये बाजारात मिळतो तो फिल्टर. एका दिवसाचं काम. पुण्यात आमच्या सोसायटीने केलंय, मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते. तुमच्याकडे ग्रामपंचायतीत विचारून बघा.

बोअरवाला_लातूर · १२ एप्रिल

ताई, टाकीच्या नादी लागू नका, पाणी विहिरीतच सोडा. मी लातूरचा. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ते बघायला गेलेल्या गर्दीत मीपण होतो. घरी येऊन गच्चीकडे बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण दर पावसाळ्यात तिथलं सगळं पाणी गटारात जात होतं.

एक हिशोब पाठ करा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझी गच्ची १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. आमच्याकडे ७०० मिमी धरा आणि त्यातला पाचवा हिस्सा उडालं-सांडलं म्हणून सोडून द्या, तरी ५२,००० लिटर होतं. एवढी टाकी कोण बांधणार? जमीनच टाकी.

पण मी केलेली चूक करू नका. पहिल्या वर्षी शहाणपणा करून गच्चीचा पाइप थेट बोअरच्या केसिंगमध्ये (बोअरच्या भोकात बसवलेल्या नळीत) घातला. गच्चीवरची माती, कबुतरांची घाण, सगळं आत. मोटर गाळात अडकली, ती उपसायला जो खर्च आला त्यात फिल्टरचे दोन खड्डे झाले असते. आता बोअरभोवती खड्डा आहे, तळाला मोठे दगडगोटे, वर खडी, त्यावर जाड वाळू. केसिंगला खड्ड्यात भोकं पाडून जाळी गुंडाळली आहे. वरची वाळू दर उन्हाळ्यात काढून धुतो. पूर्वी मार्चात बंद पडणारं बोअर आता मेच्या मध्यापर्यंत जातं.

आगरातला_मास्तर · १३ एप्रिल

लातूरकर, तुमचं तुमच्या जमिनीपुरतं बरोबर आहे. ताईंच्या डोंगरावर जांभा आहे, लाल सच्छिद्र दगड. जांभ्यात पाणी मुरत नाही असं नव्हे, फार छान मुरतं. आणि मुरलेलं पाणी उतारावरून खाली जाऊन पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळतं, पऱ्यातून खाडीला. ताईंची विहीर जूनमध्ये आपोआप काठोकाठ भरतेच आहे ना? भरलेल्या विहिरीत आणखी पाणी ओतून मेमध्ये काय उरणार? तुमच्याकडे पाऊस कमी आणि खाली जागा रिकामी. आमच्याकडे पाऊस ३,००० मिमीच्या वर आणि ठेवायला भांडं नाही.

मी राजापूर तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. २०१४ साली हा उद्योग सुरू केला, नीट जमायला तीन पावसाळे गेले. लांबण लावतो, सवय आहे.

पहिल्या वर्षी मी चिऱ्याची (कापलेल्या जांभ्याची) टाकी बांधली. चिरा घरचा, गवंडी ओळखीचा, आतून सिमेंटचा गिलावा. जुलैत भरली, पोरांना बोलावून दाखवली. दिवाळीला झाकण उघडलं तर तळाला ओंजळभर पाणी आणि त्यात एक बेडूक, माझ्याकडे बघत. चौकोनी टाकीच्या कोपऱ्यांवर दाब येतो, तिथे गिलावा फाटतो आणि मागचा चिरा पाणी पिऊन टाकतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा गिलावा केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी तिचा नाद सोडला (आता त्यात नारळ ठेवतो) आणि फेरोसिमेंटची गोल टाकी करून घेतली. सळ्यांचा सांगाडा, त्याला कोंबडीजाळी, दोन्ही अंगांनी सिमेंटचा पातळ थर. व्यास ८ फूट, उंची ७ फूट, १०,००० लिटर. गोल असल्यामुळे दाब सगळीकडे सारखा. तेव्हा ३८ हजार लागले. आजवर थेंब गळलेला नाही. नवी टाकी एकदा भरून ओतून द्यावी लागते, नाहीतर पाणी चुन्यासारखं लागतं.

पन्हळ. आमच्या आजोबांच्या वेळी पोफळीचं खोड उभं चिरून आतून कोरायचे, तीच पन्हळ. मी ६ इंची पाइप उभा कापून अर्धा केला. पहिल्या मोठ्या सरीत बघतो तर पागोळ्या पन्हळीवरून उडी मारून थेट अंगणात! कौलावरून हलकं पाणी जवळ पडतं, जोराचं लांब पडतं, हे साठ वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि कधी बघितलं नव्हतं. मग पन्हळीच्या बाहेरच्या कडेला वीतभर उंचीचा पत्रा उभा लावला, त्यावर आपटून पाणी आत पडतं. पन्हळीला दर दोन फुटांवर पट्टी हवी. मी चार फुटांवर लावली होती, पाण्याच्या आणि फणसाच्या पानांच्या भाराने मध्ये पोट सुटलं. उतार दहा फुटांना एक इंच पुरतो. खाली येणारा पाइप चार इंची घ्या, आणि एका पाइपावर ४० चौरस मीटरपेक्षा जास्त छप्पर टाकू नका, आपल्याकडची जुलैची सर त्याला झेपत नाही. आणि माकडं. त्यांना पन्हळ म्हणजे रस्ता वाटते. यावर माझ्याकडे उपाय नाही, सुटे तुकडे माळ्यावर ठेवलेत.

फिल्टरवाल्यांचं एक गंमतशीर गणित आहे. म्हणतात, पहिला पाऊस बाजूला काढणारा उभा पाइप लावा, घाण त्यात राहते. बरोबर आहे. पण ५० चौरस मीटर छपरावरचा पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० ते १०० लिटर. चार इंची पाइपच्या मीटरभर लांबीत जेमतेम साडेआठ लिटर मावतं. लोक मीटरभर पाइप लावून निश्चिंत होतात. त्यापेक्षा २०० लिटरचं पिंप ठेवा, ते भरलं की पाणी पुढे जाईल अशी जोडणी करा, आणि पिंपाच्या बुडाची तोटी पाऊस थांबल्यावर उघडा.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. जूनचं पाणी साठवूच नका!

जूनमध्ये छपरावर काय असतं? आठ महिन्यांची धूळ, कौलांची लाल पूड, पानं, कावळ्याने टाकलेले माशांचे काटे, माकडांची कृपा. ते पाणी माडांना द्या. जुलै-ऑगस्टचा पाऊस छप्पर घासून काढतो, फुकट. टाकीत पाणी ऑगस्टच्या शेवटापासून घ्यायचं. माझ्या मागच्या पाख्याचं (छपराच्या एका उतरत्या बाजूचं) क्षेत्र ५२ चौरस मीटर आहे. १०,००० लिटरला २४० मिमी पाऊस लागतो. जुलैत तेवढा आठवड्यात पडतो, सप्टेंबरातही बहुतेक वर्षी महिनाभरात पडून जातो. गणपती विसर्जन झालं की मी टाकी आतून घासतो आणि पाइप जोडतो. गणपती उशिरा असले तर त्यांची वाट बघत नाही, पाऊस तेवढा थांबत नाही. त्या पाण्यात गाळ जवळजवळ नसतोच, आणि तुमच्या आईंचे आठ महिनेही कमी होतात.

किडे पडतात ते उजेड आणि डास आत गेले तर. झाकण घट्ट, आत पूर्ण अंधार, प्रत्येक तोंडाला बारीक जाळी. अंधारात शेवाळ धरत नाही. आईंना सांगा, रायगडावर, आपल्या बऱ्याच गडांवर, तिकडे मुंबईत कान्हेरीच्या लेण्यांत खडकात टाकी खोदलेली आहेत. गडावर माणसं वर्षभर आभाळातलंच पाणी पीत होती.

पडवीचे सिमेंटचे पत्रे जुने आहेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असणार. ते पाणी पिण्याच्या टाकीत अजिबात नको. फक्त कौलांचा मागचा पाखा घ्या.

आता लिटर. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला १० लिटर. मार्च ते जूनचा पहिला आठवडा, १०० दिवस. दोघांचे २,००० लिटर. घरात मेमध्ये किती माणसं येतात ते सांगा, मग पुढचं बोलू.

सिस्टर_उपकेंद्र · १३ एप्रिल

मास्तरांचं सगळं पटलं, एक भर घालते. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून न उकळता, औषध न टाकता पिऊ नका. छपरावर पक्षी, उंदीर फिरतात. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. १,००० लिटरला अडीच ग्रॅम, पावडर चांगली असली तर. उघडी पडलेली जुनी पिशवी असेल तर तिची ताकद गेलेली असते. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवायची, निवळू द्यायची, वरचं पाणी ओतायचं, तासभर थांबायचं. ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकून पिवळसर रंग आला तर क्लोरीन आहे.

सप्टेंबरात टाकीत औषध टाकून मार्चपर्यंत निर्धास्त राहता येत नाही, ते उडून जातं. पाणी वापरायला काढाल तेव्हा टाका, नाहीतर उकळा. एकदा नमुना तपासून घ्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात असतात.

आणि जाळी विसरू नका. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. जाळी फाटली का ते बघायला दर आठवड्याला एक फेरी मारायला लावा बाबांना. तेवढंच चालणं होईल.

माहेरची_वाट · १५ एप्रिल

तुम्हा सगळ्यांचं काल रात्री आईला फोनवर वाचून दाखवलं. बेडकाच्या गोष्टीवर खूप हसली. गडांचं ऐकून म्हणाली, "त्यांना टँकर नव्हता म्हणून प्यायले." म्हणजे अजून पटलेलं नाही, पण ऐकते आहे.

मेमध्ये आम्ही दोघी बहिणी, मुलं, भाऊ-वहिनी असे सात जण तीन आठवडे असतो. आणि गाय राहिलीच होती. दोन अडचणी: टेम्पो वरच्या रस्त्यापर्यंतच येतो, तिथून पाखाडीच्या ६०-६५ पायऱ्या. ५,००० लिटरची तयार टाकी उतरणार नाही. आणि फेरोसिमेंट करायचं तर गवंडी म्हणतो, दोन-तीन आठवडे पाणी मारावं लागेल. आत्ता एप्रिल-मेमध्ये पाणी आणू कुठून? पाण्याची टाकी बांधायला पाणी नाही, हे बाबांना इतकं आवडलंय की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत.

आगरातला_मास्तर · १५ एप्रिल

बाबांना नमस्कार सांगा.

सात जण, २१ दिवस, १० लिटर: १,४७० लिटर. आधीचे २,००० मिळवा, साडेतीन हजाराच्या आत झालं. माणसांना ४,००० पुरेत. ठेकेदाराचे २०,००० कुठून आले मला कळलं नाही. गाय दिवसाला ५० लिटर पिते, तिचेच १०० दिवसांचे ५,००० होतात. म्हणजे घरात सगळ्यात जास्त पाणी गायीला लागतं. तिच्यासाठी टँकरचं चालेल, पण तो वाहून आणायचा प्रश्न उरतोच.

माझा सल्ला असा. या वर्षी १,००० लिटरच्या चार टाक्या घ्या. रिकामी टाकी दोन माणसं पाखाडीवरून सहज उतरवतात. खाली चिऱ्याचा सपाट ओटा करा, टाकीचं बूड सगळं टेकलं पाहिजे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून चालणार नाही. भरल्यावर एकेक टाकी टनाची. चारही टाक्या बुडाशी पाइपने जोडा, ओटा पाणसळीत असला की चारही सारख्या भरतील. जोडणीत प्रत्येकीला वेगळा कॉक ठेवा, एक फुटली तर चारही रिकाम्या व्हायला नकोत. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड घ्या. मी अर्ध्या जाडीचा घेतला होता, एका रात्री पाण्याने झाकण उचललं आणि सकाळी परसात पडलेलं सापडलं.

नोव्हेंबरात विहीर भरलेली असताना गायीसाठी फेरोसिमेंटची बांधा. तेव्हा पाणी मारायला पाणी असेल.

बोअरवाला_लातूर · १६ एप्रिल

मास्तर, जांभ्याचं मान्य. आमच्याकडे काळा पाषाण, तुमच्याकडे चाळणी. तरी ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीच्या पायाशी सोडू नका एवढं सांगतो.

आणि ताई, आईंना एकदा पावसाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून बघायला सांगा. आमच्या बोअरच्या पाण्यात ती तासभर दाताखाली येते. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, लगेच मऊ होते. माझ्या घरी वाद त्या डाळीने मिटला.

माहेरची_वाट · १८ एप्रिल

आमच्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ आहे हो, डाळ शिजते. आईला पटवायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. पण ती काल स्वतःहून म्हणाली की ओटा गोठ्याच्या भिंतीला लागून नको, न्हाणीघराकडे असू दे, तिकडे दिवसभर सावली असते. याला मी होकार समजते आहे.

ओव्हरफ्लो दोन माडांच्या आळ्यात सोडायचं ठरलं. मागच्या पाख्याचं माप बाबांनी घेतलं. टेप सापडली नाही म्हणून काठीने जमिनीवर मोजलं: लांबी दहा काठ्या, रुंदी चार काठ्या. पाख्याच्या उतारावर वर चढून मोजायचं की खाली जमिनीवर जेवढी सावली तेवढंच धरायचं?

आगरातला_मास्तर · १८ एप्रिल

जमिनीवरचंच. पाऊस वरून पडतो, त्याला उताराची लांबी कळत नाही. ७६व्या वर्षी कौलांवर कोणी चढू नका.

काठी तीन फुटी असेल तर ३० बाय १२, म्हणजे ३६० चौरस फूट, ३३ चौरस मीटर. सप्टेंबरात ३०० मिमी पडला तर पाचवा हिस्सा सोडून ७,९०० लिटर. चार टाक्या महिन्याच्या मध्यालाच भरतील. एक पाइप पुरेल.

काठी किती फुटांची आहे ते विचारा मात्र.

माहेरची_वाट · १८ एप्रिल

विचारलं. म्हणाले, "माझ्या कमरेला लागते एवढी." बहीण शनिवारी टेप घेऊन जाते आहे.